अंतोनीच्या सणाचं कळकलेलं वरण

अक्का,

परवा सण झाला. तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा आणि संत अंतोनीचा सण एकाच दिवशी आले. फादरांनी मला विचारलं होतं, "डोमूभाऊ, मिस्सा आदल्या दिवशी घेऊ का? शोक आणि सण एकत्र कसे करायचे?" मी म्हटलं, एकत्रच असू द्या, अक्काशिवाय आपल्या गावानं सण पाहिलाय कधी? पण खरं कारण ते नव्हतं. पंगतीत खरं न सांगण्यासाठी मला आणखी एक निमित्त मिळायला नको होतं. अकरा वर्षं मी निमित्तांवर काढली. ती का काढली, हे फक्त तुला आणि मला ठाऊक आहे, असं परवा सकाळपर्यंत मी समजत होतो.

दुपारी कळलं, सगळ्यांना ठाऊक होतं. तूच सांगितलं होतंस. नऊ वर्षांपूर्वी.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं लिहितात. तुझ्याबद्दल चांगलं भरपूर आहे, तेही येईल. पण आधी मला भांडायचंय, आणि तू नेहमीसारखी ऐन भांडणात उठून गेलीस.

हे कागद तुझ्याऐवजी दुसरेच कुणी वाचणार, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अंतोनीच्या सणाला ठिकठिकाणी पाव आशीर्वादित करून वाटतात. आपल्या गावात पूर्वी पाव मिळायचा नाही, बेकरी थेट दोंडाईच्याला. म्हणून आपल्या आज्यांनी पावाऐवजी बट्टी केली. जाडसर दळलेले गहू, मूठभर मका, ओवा. गोळे उकडून, चिरून, तळून. सोबत वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. अंतोनीच्या हातात लिलीची फुलं हवीत, ती इकडे कुठली मिळायला? आपण निशिगंध देतो. चर्चवर झेंडा चढला की नऊ संध्याकाळ नोव्हेनाची प्रार्थना, दहाव्या दिवशी मिस्सेची उपासना, मग पंगत.

आणि पंगतीच्या आधी अर्धी बट्टी. ही रीत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. पहिला घास घेण्याआधी ज्याचं आपल्याकडून वाईट झालं असेल त्याच्यापुढं जायचं, बट्टी मोडायची, अर्धी त्याला द्यायची आणि काय केलं ते तोंडानं सांगायचं. त्यानं खाल्ली तर विषय संपला. आता त्याची बरीचशी गंमतच झाली आहे.

"तुझ्या आईला मी भोंगा म्हणालो होतो."

"कधी?"

"दरवेळी."

मग सगळी पंगत हसते. तू मात्र कधी हसायची नाहीस. तू वाढपात असूनही तुझं लक्ष असायचं, कोण कुणापुढं गेलं, आणि कोण गेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी, त्या सणाला भांडी माझ्याकडं होती. चर्चचं ते शंभर माणसांचं पितळी पातेलं. आतली कल्हई उडाली होती, तळाशी पिवळे डाग दिसत होते. तू मला चार वेळा बजावलंस, "वरणात चिंच पडते डोमू, कल्हईशिवाय कळकेल, लोकांना बाधेल." मी पातेलं घेऊन दोंडाईच्याला गेलो. लग्नसराई, कल्हईवाल्याकडं ही रांग. तो म्हणाला, संध्याकाळी या. मी ओळखीच्या दुकानात मॅच बघत बसलो. शेवटच्या षटकांपर्यंत बसलो. गेलो तेव्हा त्यानं भट्टी विझवली होती. मी पातेलं जीपच्या टपावर बांधून परत आणलं, मागच्या अंगणात राखेनं घासलं आणि तुला सांगितलं, "झाली."

एवढंच. एका मॅचपायी. कुणाला सांगायलाही लाज वाटावी इतकं ते क्षुल्लक होतं. मोठं काही केलं असतं तर कदाचित लवकर कबूल केलं असतं.

वरणाला त्या वर्षी मार्था होती. साक्रीकडच्या पाड्यावरची बाई, नवऱ्याला शाळेत माळीकाम मिळालं म्हणून गावात आलेली. जुन्या घरांतल्या बायकांना ते रुचलं नव्हतं. आपण मिशनच्या शाळेत शिकलेले, दोन पिढ्या पगारावर जगलेले. आपल्या सणाचं वरण पाड्यावरची बाई करणार? तू ठणकावून सांगितलंस, "तिच्या हाताला चव आहे. मी बघितलंय. ती करेल." कमिटीच्या सायमननानांनी नाइलाजानं मान हलवली.

सकाळी चूल पेटवताना तिनं पातेल्यात वाकून पाहिलं होतं. मी तिथंच लाकडं देत होतो. ती म्हणाली, "भाऊ, हाई आतून पिवळं दिखस. कल्हई व्हयनी का?"

मी म्हणालो, "पातळ लावलीय त्यानं. टाक तू डाळ."

अक्का, एवढं तुलाही मी कधी सांगितलं नव्हतं. तुला वाटायचं, मी कल्हईचं खोटं बोललो. ते तर होतंच. पण तिनं विचारलं होतं, आणि मी तिला गप्प केलं होतं.

दुपारी अर्धी पंगत ओकत होती. लहान मुलांना जीपमध्ये घालून दोंडाईच्याला नेलं, सलाईन लागली. कुणी दगावलं नाही. मी त्या संध्याकाळी अंतोनीपुढं गुडघे टेकून आभार मानले, तेही स्वतःसाठीच.

रविवारी मिस्सेनंतर सगळे थांबले. सायमननाना बोलायला उठले तेव्हाच त्यांनी ठरवलेलं होतं. "त्या लोकांकडं हात धुवायची पद्धत नसते. आम्ही सांगत होतो." मार्था शेवटच्या बाकाजवळ उभी होती, कडेवर लहान पोरगी. ती म्हणाली, "मी भाऊले विचारं व्हतं." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. नानांनी विचारलं, "डोमू, विचारलं होतं का हिनं काही?"

मी म्हणालो, "आठवत नाही, नाना."

तू दुसऱ्या बाकावर होतीस. मान वळवून माझ्याकडं पाहिलंस. तेव्हा तुला काही माहीत नव्हतं, तरी पाहिलंस. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू अठराची. माझ्या खोट्याचा वास तुला तेव्हापासून येतो.

मार्थाला पुन्हा कुणी चुलीपाशी बोलावलं नाही. तिच्या मोठ्या पोरीला शाळेत पोरं ओकारीचा आवाज काढून चिडवायची. वर्षाच्या आत नवऱ्यानं काम सोडलं, आणि ती माणसं पाड्यावर परत गेली.

पुढं महिन्याभरानं तू स्वतः ते पातेलं घेऊन कल्हईवाल्याकडं गेलीस. तो म्हणाला, बाई, हे दोन वर्षांत माझ्याकडं आलंच नाही. तू घरी आलीस, चप्पलही काढली नाहीस, दारातूनच म्हणालीस, "डोमू, तू सांगतोस का मी सांगू?"

मी तुझे पाय धरले. खरंच धरले, चाळिशीच्या माणसानं. "सणाला सांगतो अक्का, सगळ्यांसमोर, अर्धी बट्टी घेऊन तिच्यापुढं जातो, पण तू बोलू नकोस."

"मी बोलणार नाही," तू म्हणालीस. "तुझ्या तोंडानं आलं पाहिजे."

हा तुझा शब्द. माझ्याकडं तुझा एवढाच शब्द होता, आणि मी त्यावर झोपत होतो.

त्यानंतरच्या पहिल्या सणाला मी अर्धी बट्टी बायकोला, लूसीला दिली. तिचा वाढदिवस विसरलो म्हणालो. लूसी म्हणाली, "कुठला, मागचा का त्याच्या मागचा?" पंगत हसली. तू त्या दिवशी जेवली नाहीस. दुसऱ्या सणाला तू माझ्या हातात बट्टी ठेवून म्हणालीस, "जा." मी लूसीकडंच गेलो, घोरतो म्हणून. घरी आल्यावर आपलं कडाक्याचं वाजलं. तू म्हणालीस, "तुला लाज नाही रे." मी म्हणालो, "तूच आणलीस ना तिला चुलीपाशी? नसती आणलीस तर काही झालंच नसतं." हे मी बोललो. तू भाजी निवडत राहिलीस, आणि निवडलेल्यातच देठ टाकत राहिलीस.

त्याच वर्षी मला धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली, आम्ही तिकडं राहायला आलो. तू गावातच राहिलीस. त्यानंतरच्या सणाला तू माझ्या हातात बट्टी दिली नाहीस. मला वाटलं, अक्का थकली. मग वाटलं, अक्कानं माफ केलं. माणसाला सोयीचं ते लवकर पटतं. पापनिवेदनाला मी जळगावला जायचो, जिथं मला कुणी ओळखत नाही. वाटेत पारोळ्यापर्यंत ठरवायचो की आज सगळं सांगायचं, आणि जाळीमागच्या अनोळखी फादरांना सांगायचो, "एकदा खोटं बोललो होतो." ते प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' सांगायचे. येताना बसमध्ये मी ते म्हणून टाकायचो आणि स्टँडवर उतरून भजी खायचो.

आता चांगलं. तू मला वाढवलंस, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तूही म्हणू दिलं नसतंस. तू माझ्या डोक्यातल्या उवा काढताना मला शास्त्रपाठ वाचायला शिकवलंस. "शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला पाहिजे. देवाला हळू बोललेलंही कळतं रे, पण मागच्या म्हाताऱ्यांना नाही." बालवाडीच्या पोरांना तू अंतोनीची गोष्ट सांगायचीस, हरवलेलं शोधून देणारा संत, आणि पोरं रोज नवं काही हरवून यायची. शेवटची तीन वर्षं किडन्यांनी तुला माझ्या घरी आणलं. डायलिसिसच्या खुर्चीत बसूनही तू शेजारच्या बाईला बट्टीत मोहन किती घालायचं ते सांगत होतीस. नर्स म्हणाली, "आजी, तुम्हाला तेलकट बंद आहे." तू म्हणालीस, "खात नाहीये बाई, बोलतेय." त्या तीन वर्षांत मी तुझी सेवा केली असं लोक म्हणतात. मी केली, आणि करताना प्रत्येक वेळी मनात धरत होतो की यानं थोडं फिटतंय.

नोव्हेनाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार दिवस नाहीत. मी आत आलो आणि तुझा हात धरला. "अक्का, या सणाला सांगतो. नक्की. सगळ्यांसमोर. तू बघायला थांब."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "बघू."

बघू! दुसऱ्या दिवशी तू गेलीस. त्या एका शब्दानं मला आठवडाभर कुरतडलं. अक्काचा माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, असं वाटत राहिलं. त्या हट्टानंच मी परवा गावी गेलो, असंही म्हणता येईल.

मार्था मिस्सेला आली होती. गेली नऊ वर्षं ती सणाला येते, मागं बसते. दरवर्षी मला विचारते, "बरं शे ना भाऊ?" आणि मी म्हणतो, बरं आहे. परवा मी बट्टी घेऊन तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. बट्टी नीट मोडली नाही, एक लहान तुकडा आणि एक मोठा झाला. मोठा तिच्यापुढं धरला. "मार्थाबाई, त्या वर्षी पातेल्याला कल्हई..."

"माहीत शे भाऊ माले," ती म्हणाली. "अक्कानी सांगं व्हतं."

मला वाटलं, तू आजारपणात, शेवटी शेवटी कधीतरी. विचारलं, कधी?

"तुमी देवपूरले गयात ना, त्याच साली. पाड्यावर उनी व्हती अक्का, उन्हामा. बट्टी लई उनी व्हती." म्हणजे तू भर उन्हात बट्टी घेऊन तिच्याकडं गेली होतीस.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नानाले बी माहीत शे. बठ्ठास्ले माहीत शे."

बठ्ठास्ले. सगळ्यांना. अक्का, पंगत बसत होती, पत्रावळ्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पोरं त्यांवर खडे ठेवत होती, आणि मी मागं वळून एकेक चेहरा बघत होतो. नऊ वर्षं मी यांच्यासमोर लूसीला बट्टी देत होतो. घोरतो, विसरतो, भाजीला नावं ठेवतो. नऊ वर्षं हे हसत होते. नाना दरवर्षी म्हणायचे, "शास्त्रपाठाचं पहिलं वाचन डोमूच करेल," आणि मला तो मान वाटायचा.

एवढंही मी गिळलं असतं. पण मार्थानं पुढचं सांगितलं. तू सगळ्यांना सांगितल्यावर सायमननाना स्वतः तिच्या पाड्यावर गेले होते, माफी मागायला आणि पुन्हा वरणाला बोलवायला. ती नाही म्हणाली. "अक्का म्हने, डोमू सोता सांगी, तवय ये. मी म्हनं, ठीक शे."

म्हणजे ती माझ्यासाठी थांबली होती. तुझ्या सांगण्यावरून. मी स्वतः सांगेपर्यंत चुलीपाशी यायचं नाही, असं तुम्हा दोघींचं ठरलं होतं, आणि मला कुणी कळवलं नाही.

तू फसवलंस मला. मी नीट विचार करून हा शब्द लिहितोय. तू शब्द दिला होतास, तो मोडलास. मोडलास तर मोडलास, मला सांगायचं होतंस. तीन वर्षं माझ्या घरात होतीस, माझ्या हातनं औषध घेत होतीस. मी तुझ्या उशाशी बसून 'सणाला सांगतो' म्हणालो तेव्हा तुला माहीत होतं की गाव सगळं जाणून आहे, आणि तू 'बघू' म्हणालीस. मला शेवटच्या दिवशीसुद्धा परीक्षेला बसवलंस.

मला कळलं असतं, की मार्था थांबली आहे, तर मी पहिल्याच वर्षी गेलो असतो.

परवापासून हे वाक्य मी शंभरदा मनात म्हटलंय. आज कागदावर लिहिलं तेव्हा दिसलं, की खोटं आहे. मी नसतो गेलो. सगळ्यांना माहीत आहे म्हटल्यावर मी म्हणालो असतो, चला, मग आता सांगायचं काय राहिलं. सणाला यायचंच बंद केलं असतं. तू मला ओळखून होतीस, आणि माझा राग त्याच गोष्टीचा आहे.

पण अक्का, हिशेबाला एक बाजू अजून आहे, आणि ती तुला ऐकावी लागेल. मी सुधारावा म्हणून तू मार्थाला ताटकळत ठेवलंस. मी तुझा भाऊ, म्हणून वाट बघण्याची पाळी तिच्यावर आली. नऊ सण ती शेवटच्या बाकावर बसून, पंगतीत जेवून गेली, ती तिची शिक्षा नव्हती, तरी तिनंच भोगली. याबद्दल तू कुणापुढं बट्टी मोडलीस?

मी अर्धी बट्टी पुढं धरून उभाच होतो. मार्थानं ती घेतली, पण खाल्ली नाही. पदराच्या टोकाला बांधली. "माले नका सांगा," ती म्हणाली. पंगतीकडं हात केला. "तठे सांगा."

मी गेलो. वाढपी थांबले. मी सगळं सांगितलं, मॅचसकट. तिनं विचारलं होतं, मी गप्प केलं होतं, आणि मला आठवत होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं आठवत होतं. सायमननानांना आता ऐकू कमी येतं. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"कल्हईचं सांगतोय, नाना!"

"अं? आत्ता?"

पंगत हसली. मी त्या हसण्यात उभा होतो. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मला मिठी मारली नाही, तसं काही झालं नाही. कुणीतरी म्हणालं, वरण गार होतंय, वाढा. लूसीनं माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं.

जेवणानंतर मार्थानं विचारलं, अक्काला कुठं ठेवलंय. मी तिला दफनभूमीत घेऊन गेलो. तुझ्या मातीवरची फुलं सुकली होती, क्रूस अजून लाकडाचाच आहे, नाव रंगवायचं राहिलंय. ती पायथ्याशी उभी राहिली. प्रार्थना केली असं वाटलं नाही. मग म्हणाली, "राग माले बी शे अक्काना."

मी म्हटलं, "मलाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट, डोळ्यांत डोळे घालून. माझा राग आणि तिचा राग एक नाही, हे ती न बोलता सांगत होती, आणि ते बरोबरच होतं.

साक्रीकडं जाणारी जीप चर्चच्या फाटकाशी भरत होती. मी तिला तिथवर पोचवलं. ड्रायव्हर हाका मारत होता. मला विचारायचं होतं, पुढच्या वर्षी वरणाला येशील ना? तोंडापर्यंत आलं. पण मी विचारणं म्हणजे पुन्हा मीच काहीतरी मागणं झालं असतं, म्हणून गप्प राहिलो. तिनं ते ओळखलं असावं. आत बसून, पिशवी मांडीवर घेऊन ती म्हणाली, "पुढला साल मी येसू का नही, ते मी ठरावसू."

येईन का नाही, ते मी ठरवीन. जीप निघून गेली.

यात आता तुझं काही चालणार नाही, अक्का. माझंही नाही.